पोर्टल कितीला पडलं

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. या अंकात कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून, सत्काराचा नारळ घेऊन घरी बसलेली असतात. कुणी एस.टी.त होतं, कुणी साखर कारखान्यात, कुणी पोलिसात. त्यांच्या पंगतीला मी पाट मांडून बसणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. माझी नोकरी जेमतेम सव्वा वर्षाची, तीही तास संपल्यावर दुपारची, आणि तिला नोकरी म्हणायचं की नाही यावर आमच्या घरात एकमत नाही. वडील गवंडी आहेत. काम म्हणजे जे संध्याकाळी हात लावून दाखवता येतं ते, असं त्यांचं मत. मी काय करतो ते त्यांना नीट समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं हाय. सावलीत हाय न्हवं?" मी हो म्हणालो. तिथे तो विषय संपला.

माझं नाव संपादकांना सुचवलं जाधव सरांनी. सर आम्हाला कॉस्टिंग शिकवतात, म्हणजे एखादी वस्तू तयार व्हायला खरा खर्च किती आला ते काढायचं शास्त्र. मी म्हणालो, "सर, मी अजून बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी कसल्या आठवणी लिहिणार?" सर म्हणाले, "पोर्टलचं लिही. आणि ते 'मी कसला' निदान पहिल्या पानावर संपव." म्हणून इथेच संपवतो.

आमचं कॉलेज साताऱ्यात. मी मेढ्याच्या वरच्या अंगाच्या एका गावातून येतो. आमच्याकडे मुक्कामी गाडी येते, म्हणजे शेवटची एस.टी. रात्री गावातच राहते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळाशेजारच्या खोलीत झोपतात आणि सकाळी तीच गाडी आम्हाला घेऊन साताऱ्याला निघते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात कशासाठी कुणाकडे जायचं असतं हे मला दुसरं वर्ष लागलं तरी नीट माहीत नव्हतं. 'कमवा आणि शिका' योजनेत काम मिळतं एवढं कळलं आणि मी अर्ज केला. त्यात कुणाला बाग मिळते, कुणाला ग्रंथालय. मला कॉम्प्युटर लॅब मिळाली, कारण बागेतल्या जागा भरल्या होत्या.

त्याच वर्षी कॉलेजने एका कंपनीचं पोर्टल वर्षभर चालवून बघायचं ठरवलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोर्टल म्हणजे कॉलेजचीच एक इमारत समजा, फक्त ती इंटरनेटवर. तिथे वर्ग असतात, वर्गात सरांच्या तासाची चित्रफीत असते, खाली टिपणं, त्याखाली गृहपाठ आणि चाचण्या. विद्यार्थी आला की हजेरी आपोआप लागते. तास बघता बघता झोपला तर तेही कळतं, कारण थोड्या थोड्या वेळाने 'तुम्ही आहात का?' असं विचारणारं बटण येतं आणि ते दाबावं लागतं. हातात फोन असला की झालं. पहिलं वर्ष फुकट, पुढच्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्यामागे दर.

फुकट हा शब्द ऐकून स्टाफरूममध्ये बऱ्याच जणांना बरं वाटलं. जाधव सर म्हणाले, "पहिली भेळ फुकट देणारा भेळवाला मी अजून बघितला नाही. पण खाऊन बघायला काय हरकत आहे."

माझं काम असं की, कुणाचं पोर्टल उघडलं नाही तर ते उघडून द्यायचं. लॅबच्या प्रमुख माने मॅडम. कुणीही कसलीही तक्रार घेऊन आलं की त्या आधी विचारायच्या, "बंद करून चालू केलंस का?" निम्मी गर्दी इथेच परत जायची. उरलेली माझ्याकडे.

पहिल्या आठवड्यात मात्र बंद करून चालू करण्याने काही भागलं नाही. पोर्टलमध्ये शिरायला एक कोड लागतो. तो कोड विद्यार्थ्याच्या नोंदवलेल्या मोबाइल नंबरवर येतो आणि पाच-दहा मिनिटांत शिळा होतो. कंपनीच्या माणसांना वाटलं, नोंदवलेला नंबर म्हणजे विद्यार्थ्याचा नंबर. आपल्याकडे तसं नसतं. प्रवेशाच्या फॉर्मवर नंबर लिहायचा म्हणजे घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाचा लिहायचा. कुणी फौजेतल्या भावाचा लिहिलेला, कुणी ठाण्यातल्या मामाचा, एकाने तर गावच्या माजी सरपंचांचा, कारण वडील म्हणाले होते, "तात्यांचा टाक, त्यांचा फोन कवा बंद नसतो." लॅबमध्ये पोरं रांगेत बसलेली, कळ दाबलेली आणि कोड चालले जम्मूला, आसामला, ठाण्याला. तात्यांना एका दुपारी सात कोड गेले. ते घाबरून बँकेत जाऊन बसले.

मग नंबर बदलून घ्यावा म्हटलं, तर नंबर बदलायला कोड लागायचा आणि तो जुन्याच नंबरवर जायचा.

पुण्याहून कंपनीचा सौरभ आला होता, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "हे लोक स्वतःचा नंबर का देत नाहीत?" मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की, फॉर्म भरला तेव्हा कित्येकांना स्वतःचा नंबरच नव्हता, आणि असता तरी 'उद्या काही झालं तर कॉलेज कुणाला सांगणार' हा प्रश्न होता. तो भला होता. त्याने वरच्या ऑफिसला फोन लावून बऱ्याच जणांचे नंबर बदलून घेतले. काही राहिले. त्यातली एक सारिका.

सारिका आमच्या वर्गातली, कोरेगावकडची. पहिल्या वर्षाला वर्गात पहिली आली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर आली तेव्हा गळ्यात मंगळसूत्र होतं. लग्न ठरतंय एवढं मैत्रिणींना माहीत होतं, झालं ते सगळ्यांना आत्ताच कळलं. सासर जत तालुक्यात, कर्नाटकाच्या शिवेला टेकलेलं गाव. साताऱ्याला रोज येणं शक्यच नव्हतं. ती प्राचार्यांना भेटली. काय बोलली माहीत नाही, पण प्राचार्यांनी परवानगी दिली की, पोर्टलवर पाहिलेला तास तिच्या हजेरीत धरायचा. बाहेर येऊन ती मला म्हणाली, "आता मी तुझ्यावर अवलंबून. उघडत न्हाई म्हणलं की उघडून द्यायचं."

मी म्हणालो, "माझ्यावर कशाला, तुझ्या भावावर."

कारण नोंदवलेला नंबर तिच्या थोरल्या भावाचा, संदीपदादाचा होता. तो फौजेत, वर कुठेतरी बर्फात. सारिका तास बघायची सासूच्या फोनवर. घरात पुतण्या होता, तो खेळ उतरवून घ्यायला जागा करायचा म्हणून पोर्टल पुसून टाकायचा. पुन्हा उतरवलं की पुन्हा कोड. मग सारिका भावाला फोन लावायची आणि तो लागला नाही तर मला कळवायची, मी लावत बसायचो. अशी माझी न बघितलेल्या माणसाशी दोस्ती झाली.

"लिही," तो म्हणायचा. "आठ, शून्य, चार, चार... लिहिलंस का? भावा, ही कसली सिस्टीम रं तुमची? हितं ड्यूटीवरनं उठून मी बहिणीला शाळेत सोडतोय."

"दादा, नंबर बदलायचा अर्ज दिलाय."

"नको बदलू. चार दिवसांनी तिचा आवाज तरी ऐकू येतो."

मी अर्ज मागे घेतला.

आता जाधव सरांचं सांगायला हवं, नाहीतर ते माझं लिखाण तपासताना विचारतीलच. तासांच्या चित्रफिती तयार करायच्या होत्या. बाकीच्या सरांनी पटापट केल्या. जाधव सर कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, खडू घेतला, रिकाम्या बाकांकडे बघितलं आणि खडू ठेवून दिला.

"भिंतीला काय शिकवू मी?"

माने मॅडम म्हणाल्या, "सर, समोर विद्यार्थी आहेत असं समजा."

"मॅडम, तीस वर्षांत समोर विद्यार्थी असून नाहीत असं समजायची वेळ आली. हे उलटं जमायचं नाही."

शेवटी मला पहिल्या बाकावर बसवलं. मग सर सुटले. सुटले म्हणजे काय, मला प्रश्न विचारायला लागले. पहिल्या चार चित्रफितींत सर विचारतात, मग बराच वेळ शांतता आणि मग कुणीतरी खोकतं. तो मी. नंतर सरांनी मला उत्तर द्यायचं नाही असं बजावलं, पण प्रश्न विचारून थांबायची त्यांची सवय काही गेली नाही. ती शांतता कापून टाकू का, असं मी विचारलं. सर म्हणाले, "ती काढू नकोस. विचार करायला पोरांना तेवढी लागते."

सारिका सासरी गेल्यावर महिन्याभराने तिचा फोन आला. पोर्टल चालत होतं, तिला फक्त सांगायचं होतं. फोन सासूचा. सासूला ती आत्ती म्हणते. आत्ती फोन नजरेआड होऊ देत नाहीत, त्यामुळे तास चालतो तेव्हा त्या शेजारीच ज्वारी निवडत बसतात आणि आवाज स्पीकरवर असतो. सरांनी त्या दिवशी भाकरीच्या दुकानाचं उदाहरण घेतलं होतं. पीठ आलं, सरपण आलं, बाईची मजुरी आली, जागेचं भाडं आलं. "आणखी काय राहिलं?" असं विचारून सर थांबले.

सारिका आठवत होती, तेवढ्यात आत्ती सुपातून वर न बघता म्हणाल्या, "तवा झिजतोय की. त्येचं कुणी धरायचं?"

आणि फोनमधून सर म्हणाले, "बरोबर. घसारा."

"आत्तींनी सूप खाली ठेवलं," सारिका हसत सांगत होती. "मला म्हणल्या, ह्या मास्तराला मी दिसती का गं?"

मी हे सरांना सांगितलं. पुढच्या तासाला त्यांनी शेळीपालनाचं उदाहरण घेतलं आणि थांबले जरा जास्तच वेळ.

असं ते वर्ष. पोर्टलवर मी खुश होतो, हे कबूल करतो. ऊसतोड सुरू झाली की आमच्या वर्गातली दहा-बारा पोरं रानात असायची, ती आता संध्याकाळी तास बघत होती. माझ्यासारखे, ज्यांना वर्गात न कळलेलं पुन्हा विचारायची लाज वाटते, ते एकच तास तीन-तीनदा बघत होते. सरांना थांबवता येत नाही, पण चित्रफीत थांबवता येते. मला वाटायचं, आपल्यासारख्यांसाठीच हे काढलंय.

फेब्रुवारीत प्राचार्यांनी बोलावलं. कंपनीचं दरपत्रक आलं होतं. प्राचार्य म्हणाले, "पोर्टल पुढे चालू ठेवायचं का, ते बैठकीत ठरवायचंय. तू वर्षभर त्यातच आहेस आणि कॉस्टिंगही शिकतोयस. खर्च काढ. जाधव सर बघतील."

मी दोन दिवसांत काढून सरांकडे नेला. दर गुणिले विद्यार्थी, अधिक इंटरनेट, अधिक दोन नवे संगणक. सरांनी वाचलं आणि विचारलं, "हा झाला कंपनीला द्यायचा. बाकीचा कुठाय?"

"बाकीचा म्हणजे?"

"एक तास तयार करायला मला किती वेळ लागतो, तू बघितलंयस. तो कुणाच्या खात्यावर? पोरांचा नेटपॅक? आणि उद्या आपण कंपनी सोडली तर आपले तास आपल्याला परत मिळतात का, विचारलंस?"

विचारलं नव्हतं. सौरभला फोन केला. तो जरा अडखळला आणि म्हणाला, "मिळतात, पण फक्त चित्रफिती. चाचण्या, हजेरी, गुण आमच्या पद्धतीने बांधलेले असतात, ते निघत नाहीत." त्याने खरं सांगितलं, त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. घर भाड्याने घेऊन त्यात आपल्या खर्चाने भिंत बांधावी, तसला हा प्रकार. हे उदाहरण वडिलांना लगेच कळलं. माझ्या कामातलं त्यांना कळलेलं तेवढंच.

एकूण बेरीज कॉलेजला जड होती. संस्थेच्या सचिवांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांना ती बेरीज आधीच कळली होती आणि त्यांनी तोडही काढली होती. शुक्रवार-शनिवार कॉलेज बंद ठेवायचं, त्या दिवसांचे तास पोरांनी घरून पोर्टलवर बघायचे. वीज वाचेल, तासिकेवरच्या शिक्षकांचा खर्च वाचेल आणि त्यात पोर्टल बसेल. हिशेबाने ते बसतही होतं. मी स्वतः ताडून पाहिलं. मला तर आनंदच झाला, कारण पोर्टल राहिलं की सारिकाचं तिसरं वर्ष होणार होतं. तिने मागच्याच आठवड्यात विचारलं होतं, "पुढच्या वर्षीपण हाय ना रं हे?" आणि मी म्हणालो होतो, "असणारच."

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी गाडीत मुळीक कंडक्टर माझ्या शेजारी येऊन टेकले. आमच्या गाडीवर ते बरीच वर्षं आहेत, आम्हा सगळ्यांना नावानिशी ओळखतात.

"काय रं, शुक्रवार-शनवार तुमी घरनं शिकनार म्हणं?"

"अजून ठरलं नाही काका. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गाडीत काय कळत न्हाई व्हय? ठरलं तर आदी सांग गड्या. डेपोत इचारत्यात, वरच्या मुक्कामीला पास किती. तुमच्या पासावरच ही गाडी हाय. दोन दिवस पोरं न्हाईत म्हणलं की दोन दिवस गाडी न्हाई. आन् एकदा दोन दिवस गेली, की मग बाकीच्या दिवसांचं कोन सांगावं."

मी गाडीत मागे वळून बघितलं. आमच्या कॉलेजचे पासवाले निम्मे. बाकी निम्म्यांत दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, दुधाच्या किटल्या, साताऱ्यात धुणीभांडी करणाऱ्या दोन बायका आणि दुसऱ्या कॉलेजातल्या अकरावीच्या पोरी. त्या पोरींचे वडील मुलीला वसतिगृहात ठेवणारे नव्हेत. गाडी सकाळी नेते आणि संध्याकाळी दारात आणून सोडते, एवढ्यावर त्या शिकत होत्या.

हा खर्च दरपत्रकात नव्हता. माझ्या कागदातही नव्हता. तो घालायचा की नाही हे मला ठरवायचं होतं. दिवसभर मी ठरवत होतो. घातला तर अण्णांची तोड मोडणार, तोड मोडली की पोर्टल जाणार, आणि पोर्टल गेलं की सारिका.

बैठकीत मी उभा राहून वाचलं. शेवटी मुक्कामी गाडीचं सांगितलं.

अण्णा म्हणाले, "अरे पण एस.टी.चा आणि कॉलेजचा काय संबंध?"

"अण्णा, गाडी आमच्या पासावर आहे. आम्ही नसलो तर गाडी नाही. मग सोमवारी तरी कसं यायचं?"

"डेपोला पत्र देऊ की आपण."

"आवं अण्णा," माने मॅडम म्हणाल्या. एरवी त्या शुद्ध बोलतात, पण चिडल्या की माहेरचं बोलणं येतं. "मागच्या खेपेला पत्र दिलं तवा काय झालं? पोच आली फक्त."

अण्णा वाईट माणूस नाहीत. तेही असल्याच गाडीने शिकलेले. त्यांनी टेबलावर बोट वाजवलं. मग म्हणाले, "कॉलेज सहाही दिवस ठेवायचं आणि पोर्टलपण घ्यायचं, एवढी आपली ऐपत नाही. बरोबर?"

जाधव सरांनी मान हलवली.

तेव्हा मी न विचारता बोललो. सारिकाचं सांगितलं. एक विद्यार्थिनी आहे, जतला दिली आहे, पोर्टल बंद झालं तर तिचं तिसरं वर्ष राहील. तिची हजेरी फक्त पोर्टलवर लागते.

अण्णा म्हणाले, "बाळा, एका मुलीसाठी सगळ्या कॉलेजचा खर्च कसा करू? तूच सांग." ते रागावले नव्हते. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. मी सरांकडे बघितलं. सर खिडकीकडे बघत होते.

पोर्टल बंद करायचं ठरलं. परीक्षेपर्यंत चालेल, पुढे नाही. अण्णांनी माझं कौतुक केलं आणि चहा सांगितला. त्या दिवशी संध्याकाळी गाडीत मुळीककाकांना सांगितलं की गाडीला धोका नाही. ते म्हणाले, "शाब्बास," आणि मला खिडकीची जागा दिली. मेढ्याच्या पुढे थंडगार वारं लागत होतं. एरवी मला ते फार आवडतं.

सारिकाला मीच फोन केला. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "गाडीचं तू सांगितलंस?"

"हो."

"बरं केलंस. त्या पोरी जातील कशा न्हाईतर."

"तू बहिःस्थ म्हणून परीक्षा दे. फॉर्म मी भरून देतो. सरांच्या चित्रफिती पाठवतो."

"तिसऱ्या वर्षाच्या कुठं हायत?" ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. सरांनी केले होते ते दुसऱ्या वर्षाचे तास. "एकटीनं पुस्तक वाचून कॉस्टिंग व्हायचं न्हाई माझ्यानं. बघते. आत्तींना इचारते."

दुसऱ्या वर्षाची परीक्षा द्यायला ती नवऱ्याबरोबर साताऱ्याला आली. पेपर झाला की लगेच कोरेगावला माहेरी जायची, मोटारसायकल फाटकाबाहेर उभीच असायची. निकाल लागला, ती पुन्हा पहिली आली. जूनमध्ये तिसऱ्या वर्षाचा वर्ग सुरू झाला. हजेरीत तिचं नाव नव्हतं.

बाहेरच्यांना ही गोष्ट लक्षात येणार नाही म्हणून सांगतो. पोर्टल होतं तेव्हा मी तिला केव्हाही फोन करू शकत होतो. "कॉलेजमधून बोलतोय" म्हटलं की आत्ती फोन तिच्याकडे द्यायच्या. आता पोर्टल नाही. मग मी काय म्हणून फोन करायचा? लग्न झालेली मुलगी, फोन सासूचा, आणि मी नुसता वर्गातला मुलगा. दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. वर्गातल्या मुलींना विचारलं, त्यांनाही काही माहीत नव्हतं. संदीपदादाला लावला तर तो लागेचना. एवढंच कळत होतं की तो पुढच्या चौकीवर गेला आहे आणि तिथे फोन चालत नाही.

दरम्यान लॅबमध्ये माझं काम बदललं. आता मी प्रिंटरमध्ये अडकलेले कागद काढतो. माने मॅडम अजून विचारतात, "बंद करून चालू केलंस का?" सर अजून प्रश्न विचारून थांबतात, फक्त आता उत्तरं द्यायला वर्ग असतो. पोर्टलची कुणाला फारशी आठवण येत नाही. ऊसतोडीवाली पोरं दुसऱ्याच्या वहीवरून उतरवून घेतात, पूर्वी घ्यायची तशी. माझी बेरीज चुकली होती असं मला अजून वाटत नाही. पण बेरीज बरोबर आली की मन शांत होतं, असं जे मला पहिल्या वर्षी वाटायचं, ते काही खरं नाही.

नवरात्र संपल्यावर एका दुपारी संदीपदादाचा फोन आला. तो खाली उतरला होता, रजा लागली होती, आधी बहिणीकडे जाऊन आला होता.

"अरे, तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय? बसली की ती तिसऱ्या वर्षाला. जतच्या कॉलेजात."

मी लॅबच्या बाहेर येऊन उभा राहिलो. "कशी काय? जत तर गावापासून लांब आहे म्हणाली होती."

"हाय की लांब. नवरा सकाळी फाट्यावर सोडतो, तिथनं वडापच्या जीपनं जाती. तो पहिला न्हाईच म्हणत हुता. तर आत्ती म्हणल्या, फोनवर ते चालू केलं तवा कुणी आपल्याला इचारलं न्हाई, बंद केलं तवा कुणी इचारलं न्हाई. आपली सून शिकणार का न्हाई ते त्यांच्या बटणावर ठरायचं व्हय? आन् सवता गेल्या तिच्यासंगट कॉलेजात. वर्ग बघितला, फळा बघितला, मागच्या बाकावर जरा बसून घेतलं, मग फॉर्म घेतला." तो हसायला लागला. "तिच्या दाखल्याचा कागद तुमच्या ऑफिसातनं कवाच गेलाय म्हणं, तुला पत्ताच न्हाई."

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो, तेवढ्यात तो म्हणाला, "आहेस का रं?"

"आहे, दादा."

फोन ठेवला आणि सरळ स्टाफरूमकडे गेलो. जाधव सर खडूचा डबा घेऊन तिसऱ्या वर्षाच्या वर्गावरच निघाले होते. मी त्यांना व्हरांड्यात गाठून सांगितलं. सारिका बसली, जतला, सासूने नेऊन बसवली.

सर थांबले. चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा लावला.

"तिथं कॉस्टिंग कोण शिकवतं?"

"माहीत नाही, सर."

"विचारून घे," सर म्हणाले आणि वर्गात शिरले.